सामना आम्ही जिंकला, कौतुक इरफानचं

मंडळी, आज आष्टीत कबड्डीचा सामना आमच्या नेकनूरच्या संघानं जिंकला. मी कप्तान. तरी दुपारपासून तोंड कडू झालंय.

दुसऱ्या हाफात मला दम लागला, चढाईला पाय उचलेनात. कोचनं मला बाहेर बसवून माझ्या जिगरी दोस्ताला, इरफानला आत घेतलं. हातातून चाललेला सामना त्यानं एकट्यानं फिरवला.

नंतर चहाच्या टपरीवर आमच्याच गावची माणसं बोलत होती.

"इरफानचा दम बघितला का? घोडा हाय घोडा!"

"रोज पहाटं पळतंय ते. कप्तानासारखं पोट न्हाई वाढवलं."

मी मागंच उभा होतो. मला बघून सगळे हसले. मीही हसलो.

तेवढ्यात इरफान आला. स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यानं माझ्या गळ्यात घातला. मला त्या हाराचाही राग आला.

"उद्या पळायला येतो का बे? संगंच जाऊ," तो म्हणाला.

"गुडघा दुखतोय," मी म्हणालो. गुडघा ठणठणीत आहे.

खरं सांगा, जिवाभावाचा दोस्त तुमच्या जागेवर खेळून जिंकला, तर मनापासून टाळ्या वाजवता येतात का तुम्हाला? मला आज नाही जमलं.