कोतवालाचं दार

आमच्या गावचा कोतवाल कोणाच्याही हाती कुऱ्हाड दिसली की विचारतो, "अर्ज केला काय?" आंबा, मोह, चिंच तोडायची तर परवानगी लागते, हा एकच कायदा त्याला पाठ आहे. लोक मुद्दाम दातवणाची काडी दाखवून चिडवतात. त्यांनाही तो तेच विचारतो, आणि हसत नाही.

मी मात्र हसायचो, त्याचा बाप जाईपर्यंत.

भर पावसाळा होता. गावात वाळलं लाकूड कुठंच मिळेना. लोक कुऱ्हाडी घेऊन त्याच्याच बांधावरच्या वठलेल्या आंब्याकडे निघाले. तो आडवा झाला.

"अर्ज नाही केला."

"अरे, बाप अंगणात ठेवला हाय तुहा!" मी ओरडलो. "आज कोन पाह्यते कायदा?"

"मी पाह्यतो ना, गुरुजी."

एवढं बोलून तो घरात गेला. खाट काढली, बैलबंडीच्या फळ्या काढल्या. तरी सरण पुरेना, तेव्हा पहार घालून घराचं दार चौकटीसकट उखडलं आणि बापाला दिलं.

आंबा अजून उभा आहे. कोतवालाच्या दाराला पोत्याचा पडदा आहे. तिथून जाताना मी सायकलवरून उतरतो.