गाठ मारलेली कॅरीबॅग

कम्युनिटीतल्या मंडळींनो, दुपारपासून तीनदा हात धुतले, तरी तो वास जात नाही.

पंचवटीत आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या सुमनमावशींची गाभण गाय चार दिवस काही खात नव्हती. पोट फुगून टम्म झालं होतं. आज जनावरांच्या डॉक्टरांनी भूल देऊन डाव्या बाजूने तिचं पोट उघडलं. मी दावं धरून उभी होते.

आतून कॅरीबॅगांचा पीळ निघतच राहिला. एक घमेलं भरलं, दुसरं आणलं. त्यात एका पिशवीची गाठ तशीच होती. मावशींनी ती फाडली, तर आत लसणाची सालं.

"ताई, गाठ बी सुटली नाय बघा. भाजीसंगं ह्या पिशव्या मीच देते लोकांना."

त्यांच्याकडून घेतलेल्या पिशवीत सालं बांधून मीच रोज कोपऱ्यावर टाकते.

"वासरू वाचेल ना?" मी डॉक्टरांना विचारलं.

"आधी गाय आजची रात्र काढू दे."

घरी येऊन जुन्या चादरीच्या दोन पिशव्या शिवल्या. एक माझी, एक मावशींना दाखवायला. शिवताना खिडकीतून कोपरा दिसत होता. उकिरड्यावर तीन गायी उभ्या होत्या.

सकाळी टाकलेली माझी पिशवी तिथे नव्हती. तुम्ही टाकलेली अजून जागेवर आहे का, बघाल?