संकष्टी तिची, विनायकी माझी

माझं डोकं नेहमी डाव्या बाजूनेच दुखायचं. आधी डोळ्यांपुढे काजवे, मग मळमळ, मग डाव्या डोळ्यामागे घणाचे घाव. पुसदच्या कचेरीत सगळ्यांना वाटायचं, बाईंना सुटीचा बहाणा हवा. आईने मात्र कधी शंका घेतली नाही, कारण तिचंही डोकं असंच दुखायचं. आम्ही दोघींनी त्यावर एकच इलाज धरला होता, संकष्टीचा कडक उपास. साबुदाणासुद्धा नाही, चंद्र दिसेपर्यंत नुसतं पाणी.

यवतमाळच्या डॉक्टरांनी अर्धशिशी सांगितली आणि वही करायला लावली. कधी दुखलं, त्या दिवशी काय खाल्लं, किती झोपले. चार महिन्यांनी त्यांनी वहीवर बोट ठेवलं. दुखणं इतर दिवशीही होतं, पण एकही संकष्टी सुटली नव्हती.

"उपाशी राहू नका. तुमच्या डोक्याला भूक चालत नाही."

मला स्वतःचाच भयंकर राग आला. इतकी वर्षं औषध म्हणून मी दुखणंच पोसत होते!

उपास सोडला, जेवणाच्या वेळा पाळल्या. डोकं दुखायचं थांबलं नाही, पण पुष्कळ कमी झालं. मी हुरळून वही घेऊन फुलसावंगीला आईकडे गेले. तिने ऐकलं आणि डोळे पुसले.

"तू उपास सोडला तवापासून मी दोन धरून राह्यली. संकष्टी माही, विनायकी तुयी. म्हणून तुले बरं वाटून राह्यलं."

"अवं आई, तुयं डोकं त्याच्यानंच दुखते!"

"दुखू दे. मी सोडलं अन् तुयं पुन्हा धरलं त?"

मी समजावलं, भांडले, वही आपटली. ती ढिम्म हलली नाही.

मागच्या विनायकीला दुपारी गेले. खिडकीला गोधडी लावून, कपाळाला फडकं आवळून ती पडली होती. उशाशी ओकायला घमेलं. बसमध्येच माझंही डोकं धरलं होतं.

"तुयं त नाही ना दुखून राह्यलं?" तिने डोळे न उघडता विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिने पाणीही सोडलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

"पाह्य," ती म्हणाली, "म्हनलं नव्हतं मी?"