सागवानाला वाळवी

तरुणपणी मी इतकी शहाणी होते, की वाळवी लागल्याचं एकाच्या तोंडून ऐकून घराचं सागवानी दार चौकटीसकट त्यालाच फुकट देऊन टाकलं. वर नेणाऱ्याला चहा पाजला. पुढं त्याच्याच वास्तुशांतीला गेले आणि त्याच्या बायकोजवळ "दार लय देखणं हाय!" म्हणून कौतुकही केलं. चौकटीत माझ्या तोरणाचा खिळा दिसला, तेव्हा कुठं डोकं चाललं.

तोच माणूस आता सोनपेठच्या बाजारात स्लायडिंगच्या खिडक्या विकतो. लांबूनच हात जोडतो, आणि मी आधी कानातली फुलं चाचपते. परवा आमच्या खिडक्या बघायला आला. तोंडानं "पार सडल्यात, वैनी," चालू होतं. हात मात्र चौकटीवरून असा फिरत होता, जसा बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवावा.

"जुनं लाकूड मीच नेतो. तुमाला कशाला तरास?"

"नव्या बसवा की," मी म्हणलं, "पण जुन्या माझ्या पलंगाखाली ठेवून जा."

त्यानं टेप गुंडाळून खिशात घातला. चौकटीवर टिचकी मारली आणि अगदी साळसूदपणे म्हणाला, "मग बदलताय कशाला, वैनी? लय दणकट हायत. नातवंडांच्या लेकरांलाबी पुरतील."