अटी काय हायत?

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकाही गोष्टीला न वाचता होकार दिला नाही, आणि ज्या एका गोष्टीला त्यांना जीव तोडून नकार द्यायचा होता, ती विचारायला त्यांच्याकडं कुणी आलंच नाही. अक्का गेल्यानंतर लिहितोय म्हणून हे वाक्य असं जड झालंय. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, या गृहस्थांची बायको. ती होती तोवर या वाक्याचा पहिला अर्धाच भाग आमच्यात चालायचा आणि त्यावर आम्ही पोट धरून हसायचो. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पावणं म्हणतात. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं मिसरूड फुटून नोकरीला लागली, तरी मी आपला पावणाच.

चहाचंच बघा. चहा घेणार का असं विचारलं की माणूस व्हय म्हणतो, नाहीतर नको म्हणतो. दाजी विचारायचे, "अटी काय हायत?" म्हणजे नुसता चहा आहे, का चहा पाजून वर तासभर जागेच्या वादाचं ऐकवणार आहात, ते आधी सांगा. हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या सोयरिकीच्या बैठकीतही विचारला होता. सुपारी फुटायची वेळ, सगळे पाटावर बसलेले, आणि नवरदेव भावी सासऱ्यांना म्हणतो, "अटी काय हायत?" सासऱ्यांना वाटलं पोरगा हुंडा मागतोय. त्यांचा चेहरा पडला, मामेसासरे उठून चपला शोधायला लागले, कुणीतरी "असली माणसं असतील असं वाटलं न्हवतं" असंही बोलून गेलं. तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, "माझ्यावर काय अटी हायत ते इचारतोय वो. पोरगी देताय, काय सांगणार असशीला की." आतल्या खोलीतून अक्का खुदकन हसली आणि ते बाहेर ऐकू आलं. पुढं ती म्हणायची, "मी तवाच ठरवलं. ह्यो माणूस निदान इचारून तरी घेतोय."

माझा धंदा पडला विम्याचा. शाहूपुरीत एक लहानसं ऑफिस आहे, आणि माझी सगळी हयात कागदावर पेन्सिलनं फुली मारून "फुली हाय तितं सही करा" असं सांगण्यात गेली. दाजींसारखा माणूस घरात असणं हे माझ्या धंद्याला शनीची साडेसाती असल्यासारखंच होतं. एकदा मी त्यांना पॉलिसी घ्या म्हटलं, तर कागद घरी घेऊन गेले आणि दिवाळीला नेलेले कागद शिमग्याला परत आणले. पॉलिसी घेतली नाही. वर माझी फुली खोडरबरानं पुसून दिली. मी म्हटलं, "दाजी, अहो सगळं जग मान्य म्हणतं आणि पुढं जातं. तुम्हीच काय ते शहाणे?" तर म्हणाले, "जग जातंय खरं. पर कुटं जातंय ते कुटं वाचलंय त्येनं?" अशा माणसाशी काय वाद घालायचा, सांगा.

शिरोली एमआयडीसीतल्या लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत ते ड्रॉइंग खात्यात होते. तिथं कॉम्प्युटरवर आराखडे काढायचं सॉफ्टवेअर होतं, ते चोरीचं. एमआयडीसीत त्या काळी चोरीचं नसलेलं सॉफ्टवेअर शोधायचं म्हणजे दिवसा चांदणी शोधायची. दाजींनी चोरीच्यावर काम करायला नकार दिला. शेठ म्हणाले, बरं बाबा, विकत घेऊ. तर दाजींनी विकतच्याच्या अटी वाचल्या आणि त्यालाही नकार दिला, कारण त्यात तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आम्ही कधीही डोकावू असं लिहिलं होतं म्हणे. मग त्यांनी कुठूनसं तिसरंच सॉफ्टवेअर आणलं. ते कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. शेठ खूश झाले, "म्हंजे फुकट." दाजी उखडले. "फुकट न्हाय, मुक्त. फुकट म्हंजे पावण्याच्या घरचं जेवण. मुक्त म्हंजे आपली चूल." हे वाक्य त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवलं असेल, आणि दर वेळी पावण्याच्या म्हणताना माझ्याकडंच बघून.

ती चूल एकदा भलतीच पेटली. दाजींनी काढलेला आराखडा गिऱ्हाइकाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला तेव्हा एका भोकाचं माप सरकलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि सगळी भट्टी वाया गेली. नुसत्या भंगाराचा ढीग लागला. शेठ भला माणूस, ओरडले नाहीत. "तुमच्या मुक्तीनं माझं लोखंड खाल्लं," एवढंच म्हणाले. दाजी म्हणाले, "चूक माझी हाय. मापं मी पडताळाय पायजे हुती." आणि त्याच दिवशी राजीनामा लिहून गडमुडशिंगीला घरी येऊन बसले. तेव्हापासून पडवीत लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, आणि गिऱ्हाईक बसलं असेल तोवर त्याला अटी वाचून दाखवायचे. गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला पोराला पाठवायचं.

सरकारशी त्यांचं भांडण वेगळं नव्हतं, तेच होतं. सक्ती नव्हती त्या काळी अख्ख्या गावात हेल्मेट घालून फिरणारे दाजी एकटे. पोरं त्यांना अंतराळवीर म्हणायची. आणि ज्या दिवशी हेल्मेटची सक्ती झाली त्या दिवशी दाजींनी ते काढून हँडलला अडकवलं. चौकात पोलिसानं अडवलं, म्हणाला, "आजोबा, हेल्मेट हाय की तुमच्याकडं." दाजी म्हणाले, "हाय की." "मग घालत का न्हाय?" "घालतोय की, तुमी तेवडं बाजूला व्हा." पोलीस बाजूला झाला नाही, दाजींनी घातलं नाही, पावती फाटली. मी वैतागलो. म्हटलं, डोकं फुटल्यावर स्वातंत्र्य काय चाटायचंय? अपघातात गेलेल्यांची बायकापोरं माझ्या ऑफिसात येऊन बसतात, मला विचारा. "तुमचं खरं हाय पावणं," दाजी म्हणाले. "कायदा चांगलाच असंल. पर चांगलं करायचं तर इचारून करा की. इचाराय काय जीभ झिजती?" मला आजही वाटतं, हेल्मेटच्या बाबतीत त्यांचं चुकलंच. ते मी तोंडावरही सांगितलं होतं.

पण त्यांच्या विक्षिप्तपणाचा कळस म्हणजे 'निरोप'. फोनवर निरोप धाडायची जी ॲप सगळं जग वापरतं ती दाजींना चालेनात. म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्याशेजारी, एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि त्यावर स्वतःचंच ॲप बांधलं. नाव ठेवलं निरोप. मी म्हटलं, "दाजी, हे काय नाव? शाळेत मास्तर रिटायर झाल्यागत वाटतंय." म्हणाले, "आमच्यात निरोप म्हंजे सांगावा. तुमच्या शाहूपुरीत काय म्हंत्यात ते तुमी बगा." त्यात सगळं त्यांच्याच बोलीत. निरोप पोचला की खाली 'पोचला' असं यायचं, पोचला नसेल तर 'वाट बगतोय'. एकानं धाडला की यादीतल्या सगळ्यांना जायचा. खाजगीपणावरून जगाशी भांडणाऱ्या माणसाच्या ॲपमध्ये खाजगी असं काही नव्हतंच. "घरातलं घरात," म्हणायचे. आम्हा सगळ्यांच्या मागं लागले, पण आम्ही कुणी ते घेतलं नाही. ज्याला त्याला आपलं नेहमीचंच बरं वाटत होतं. तर अख्ख्या जगात निरोप वापरणारी माणसं दोनच, दाजी आणि अक्का, आणि दोघंही एकाच घरात. पडवीतून निरोप जायचा, "च्या मिळंल का?" आणि आतून उत्तर यायचं, "अटी काय हायत?"

मग अक्काला धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग अंगणात, मग नुसतं बसल्या जागी. हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. आमची बायको रडली. मला मनातून भीती वाटत होती ती वेगळीच. हा माणूस दवाखान्याच्या कागदांवर महिनाभर वाचत बसेल आणि तोवर अक्काचं काय होईल? तसं झालं नाही. सरकारी योजनेच्या कार्डाला अंगठा लावायचा नाही असं दाजी म्हणाले, तर अक्कानं पदराआडून ते कार्डच काढून दाखवलं. बचत गटाच्या बायकांबरोबर जाऊन तिनं ते कधीच करून आणलं होतं. "इचारलं न्हाईस," दाजी म्हणाले. "माझा अंगठा हाय," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्यातली एक बाई हातात टॅब घेऊन आली. "काका, इथं टिक करा, मान्य आहे म्हणून. आणि खाली बोटानं सही." दाजी बाकावर बसले आणि वाचायला लागले. मागं माणसं खोळंबली होती. माझा संयम सुटला. "दाजी, लावा की बोट. ही काय वेळ आहे का?" त्यांनी ऐकलं नाही. एका ओळीवर येऊन थांबले. यात मृत्यूचाही धोका आहे याची मला कल्पना असून ते मला मान्य आहे, अशी ती ओळ होती. दाजी म्हणाले, "कल्पना हाय. मान्य न्हाय. तेवडा एक शब्द काढा, सही करतो." बाई गोंधळली. "काका, तसं होत नाही. टिक केल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढं जात नाही." दाजी हळू आवाजात म्हणाले, "कुणीतरी लिवलंय म्हंजे बदलता येतंय." "आम्हाला नाही येत हो," ती म्हणाली, आणि खरंच बिचारीला येत नव्हतं. एरवी या माणसानं तिला तासभर ऐकवलं असतं. त्या दिवशी टॅब मांडीवर तसाच धरून म्हणाले, "आणि हे मला का इचारताय? काळीज तिचं हाय."

शेवटी डॉक्टरच म्हणाले, पेशंट शुद्धीवर आहे, त्यांचीच संमती घ्या, नवऱ्याची साक्षीदार म्हणून सही चालेल. आम्ही टॅब घेऊन अक्काच्या खाटेशी गेलो. ती उशीला टेकून बसली होती, दम खात. टॅबकडं बघून म्हणाली, "अटी काय हायत?" दाजींनी सगळं वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता, तिला कळेल अशा भाषेत. त्या ओळीपाशी ते परत थांबले. "पुडं वाचा की," अक्का म्हणाली. त्यांनी वाचलं. ती म्हणाली, "हे तुमाला मान्य न्हाय." दाजींनी मान हलवली. "मला हाय," म्हणाली, "द्या हिकडं," आणि तिनं त्या चौकोनावर आपलं बोट ठेवलं. माहेरी तिची शाळा बंद झाली ती तिला न विचारता, दागिने मोडले ते न विचारता. एवढी एकच गोष्ट तिला नीट वाचून, समजावून, विचारून झाली.

ऑपरेशन चांगलं झालं असं सांगितलं. मग ताप आला, मग तिला काचेच्या आत नेलं, मग मशीन लावलं, आणि चार दिवसांनी दुपारी ती गेली. तेव्हा काही कुणी टॅब घेऊन आलं नाही. दाजी काचेला हात लावून उभे होते. त्यांनी आतल्या कुणाला काही विचारलं नाही.

त्यानंतर दाजी बदलले. मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर जिथं बोट दाखवलं तिथं त्यांनी सही केली. मी सवयीनं पेन्सिलनं फुली मारली होती, ती बघूनसुद्धा काही बोलले नाहीत. हेल्मेट घालून फिरायला लागले. फोन काही विचारेल त्याला मान्य म्हणायला लागले. एकदा आमच्याकडं आले, बायकोनं विचारलं, "दाजी, चहा ठेवू?" ते म्हणाले, "व्हय." एवढंच. बायको आत गेली आणि ओट्याला धरून रडली. ज्या प्रश्नाला आम्ही इतकी वर्षं वैतागलो होतो, तो ऐकायला आमचे कान आसुसले होते.

मागच्या महिन्यात मी गडमुडशिंगीला गेलो आणि त्यांच्यापुढं माझा फोन धरला. म्हटलं, "दाजी, तुमचं ते निरोप ह्यात घाला." "आता कशाला?" ते म्हणाले. मी म्हटलं, "घाला तर खरं. पण आधी सांगा, अटी काय हायत?" दाजी हसले नाहीत. पण त्यांनी चष्मा पुसला आणि फोन घेतला. पिठाच्या डब्याशेजारचा तो कॉम्प्युटर अजून चालूच होता. थोड्या वेळानं फोन परत दिला. "वाचा," म्हणाले. अट एकच होती. निरोप आला की उत्तर द्यायचं, भांडान झालं असलं तरी. मी वाचलं आणि मान्य म्हटलं. यादीत आता तीन नावं दिसत होती. "तिचं नाव काडल्यालं न्हाय," दाजी म्हणाले. मी म्हटलं, "असू दे की."

शाहूपुरीत येऊन ऑफिसचं कुलूप काढतोय तोवर फोन वाजला. "पोचलासा का पावणं?" मी उत्तर धाडलं, "व्हय, आत्ताच पोचलो." त्याच्या खाली दोन ओळी उमटल्या. दाजी, पोचला. अक्का, वाट बगतोय. तेव्हापासून आमचे रोज निरोप चालतात, हवापाण्याचे, जेवणाखाणाचे, आणि प्रत्येकाच्या खाली ती दुसरी ओळ असते. ती त्यांनीच लिहिलेली आहे, म्हणजे बदलताही येते. मी त्यांना अजून तसं म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही.