चकतीची खालची बाजू

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते दाताच्या दवाखान्यातल्या खुर्चीत, आ वासून बसलेली असताना. डॉक्टरांनी दाढेत फिलिंगचा पांढरा लगदा भरला आणि तो कडक व्हावा म्हणून ही त्यावर निळा दिवा धरून उभी राहिली. दिव्यातला पंखा घुरघुरत होता आणि हिचे ओठ हलत होते. मनातल्या मनात चाळीसपर्यंत मोजत होती. अशा मुली मी शिकवताना वर्गात पाहिल्या आहेत. बेरीज बरोबर आली तरी त्या पुन्हा करून बघतात.

दवाखान्यात येणारी पोरं तिला निळीमावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. एकोणीस वर्षं ती त्या खुर्चीपाशी उभी आहे, आधी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली, आता त्यांच्या मुलीच्या. पुढे ती आमच्याच इमारतीत राहायला आली आणि गप्पा वाढल्या. तिचा नवरा शाळेची बस चालवतो आणि बायकोची थट्टा करायची एकही संधी सोडत नाही.

गेल्या वर्षी दवाखान्यात नवा दिवा आला. बिनवायरचा, जाड पेनाएवढा. उजेड इतका जोरकस, की तीन सेकंदांत काम फत्ते, असं विकणाऱ्याने सांगितलं. पेशंट खूश, डॉक्टर खूश. मावशी मात्र रुसली. जुना दिवा कपाटात ठेवताना तिने त्याच्याखाली मऊ फडकं घातलं.

तीन महिन्यांत पाच जणांची फिलिंगं ढिली होऊन परत आली. सहावी मी, नुकतीच भरलेली दुसरी दाढ, टोस्ट खाताना. डॉक्टर स्वभावाने मऊ. त्यांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं की ताई, तुमचा हात हल्ली थरथरतो, दिवा दाढेवरून सरकत असेल, पुढच्या महिन्यापासून तुम्ही बाहेर नंबर लावायला बसा. मावशीला ते दोन दिवस सलत राहिलं. हात थरथरत होता हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने जाड स्ट्रॉचे बारा तुकडे कापले, प्रत्येक दोन मिलिमीटर उंच. ते काचेवर ठेवून त्यांत फिलिंगचा लगदा भरून चकत्या केल्या. दिवा प्रत्येकावर टेकवूनच ठेवला, म्हणजे हात थरथरण्याचा प्रश्न नको. चार चकत्यांना जुना दिवा चाळीस सेकंद, चारांना नवा तीन सेकंद, आणि उरलेल्या चारांना नवाच, पण वीस सेकंद. कुठली कशाखालची, याची खूण वरच्या बाजूला केली आणि सगळ्या उलट्या करून ट्रेमध्ये मांडल्या.

मी गळ्यात कागदी रुमाल बांधून खुर्चीत बसले होते, तेव्हाच तिने तो ट्रे डॉक्टरांपुढे धरला.

"वरची बाजू कुठल्याही दिव्याने कडक होते, मॅडम. ही खालची आहे. तुम्हीच ओरखडून बघा. माझा हात थरथरतो ना."

डॉक्टर हसल्या, पण टोकदार आकडी हातात घेतली. बारांपैकी चार चकत्यांत ती साबणात रुतावी तशी रुतली. उलटून पाहिलं, तर चारही तीन सेकंदांच्या.

जुन्या दिव्याच्या चकत्यांवर बारीक रेघ उमटली. नव्याच्या वीस सेकंदवाल्यांवर जवळजवळ काहीच नाही. मावशीचा चेहरा पडला. तिला जुना जिंकायला हवा होता.

"म्हणजे हाच चांगला?" तिने नव्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"हो. पण वेळ दिला तर," डॉक्टर म्हणाल्या. "तीन सेकंदांचं मीच ऐकलं, ताई. चूक माझी."

"आणि हात?"

"कोपर खुर्चीला टेकवा."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि तक्रार केली, की इतक्या वर्षांत त्याच्यावर कुणी वीस सेकंद उजेड पाडला नाही. त्याला कितीही वेळ दिला तरी तो कच्चाच राहील, असं मावशीने पोळी वाढता वाढता सांगितलं.

सहाही जणांना बोलावून फिलिंगं नव्याने झाली. माझं अजून शाबूत आहे. बाहेर नंबर लावायला डॉक्टरांनी दुसरी बाई ठेवली. निळीमावशी आता त्रेपन्न वर्षांची आहे आणि रोज सकाळी नऊपासून खुर्चीपाशी असते.