पत्र्याकडे बघणारी

माझा स्वभाव मुळातच तापट. त्यात काम मिळालं अपंग मुलांना घरोघर जाऊन शिकवायचं. मग काय विचारता! भुकूमला भाड्याची खोली होती, दाराशी स्कूटी, आणि फिरायला मुळशीतल्या वाड्या. मुलाला खेळवत शिकवायचं, आईबापांना समजवायचं आणि शाळेशी भांडायचं, हे माझं काम. त्यातलं भांडायचं मला फार चांगलं जमायचं.

कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला, डोंगरात एक वाडी होती. तिथली एक सात वर्षांची मुलगी माझ्याकडे होती. जन्मताना मेंदूला इजा झालेली, त्यामुळे मान डगडगायची, हात भलतीकडेच जायचे, तोंडातून शब्द नाही. आई दुसऱ्यांच्या भातखाचरात मजुरीला जायची आणि घरी आत्या सांभाळायची. पण डोळे काय होते पोरीचे! टकाटका बघायची. पहिल्याच दिवशी मला वाटलं, हिला सगळं समजतंय, मुक्या आपणच आहोत.

तिला वाडीच्या शाळेत बसवायचंच, असं मी मनावर घेतलं. शाळेत गुरुजी एकटे आणि हाताखाली चार इयत्ता. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. म्हणाले, "बसवा की बाई. पण मी विचारलेलं तिला कळतंय का, हे मला कळायला नको? दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू. नाही जमलं तर लांबच्या निवासी शाळेत घाला."

आईनं हे मान खाली घालून ऐकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाई, तिला तान लागली ह्ये तितं कोन वळखंल?"  ते ऐकून मी आणखीच हट्टाला पेटले.

अडचण अशी होती की, मुलीबद्दल प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक होतं, पण ही माणसं एका जागी यायची नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम कोथरूडच्या दवाखान्यात. आई तिथं गेली की दिवसाची मजुरी बुडते. गुरुजींनी शाळा कुणावर टाकून यायचं? दोन हजार आठ साल होतं ते, आणि मी नुकताच कॅमेऱ्याचा फोन घेतला होता. म्हटलं, माणसं हलत नाहीत ना, मग फोन फिरवू. वाडीत चित्रण करायचं, मेमरी कार्ड कोथरूडला न्यायचं, मॅडम ते संगणकावर बघतील आणि काय करायचं ते फोनमध्येच बोलून देतील. ते पुन्हा वाडीत आणि शाळेत दाखवायचं. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

"पुढच्या बुधवारी शूटिंग करू," असं सांगून आले, आणि तिथंच घोळ झाला. बुधवारी गेले तर अंगणात सगळी वाडी लोटलेली. मुलीला लग्नातला पिवळाधमक फ्रॉक, तोंडभर पावडर, गालाला काळी तीट. खुर्चीवर साडी पांघरलेली आणि त्या साडीमागे आत्या उकिडवी बसून दोन्ही हातांनी तिची मान धरून! वाडीला फोटो माहीत होता तो पौडच्या स्टुडिओतला. तिथं हलायचं नसतं. मी ओरडून सांगितलं, "अहो, हलू दे तिला! हे हलतं चित्र आहे!" पण ऐकतंय कोण? सगळे तिलाच दटावत होते, "हलू नगं गं, फोटू हलंल!" आणि ती शहाणी, श्वास रोखून दगडासारखी बसली. तेवढंच चित्रण घेऊन मी तणतणत उतरले.

कोथरूडच्या मॅडमनी ते दोनदा पाहिलं. म्हणाल्या, "अहो, हिच्यात हालचालच नाही. आणि मान एवढी ताठ कशी?" एवढ्यात पडद्यावर खुर्चीमागून हिरव्या बांगड्यांचा हात वर आला, पोरीची बट सारखी करून परत खाली गेला. मॅडम आधी दचकल्या, मग हसून हसून त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, "मला फोटो नको. ती जेवते कशी, ते दाखवा."

मी फोनच आईच्या हातात दिला. "मी नसताना काढ. पोरीला नटवायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही." आठवडाभर मी बिनफोनाची फिरले. माहेरच्यांनी मी गेले की राहिले म्हणून भुकूमच्या घरमालकाकडे चौकशी केली! पण चित्रण आलं. निम्म्यात नुसतं छप्पर आणि आईचं नाक, उरलेल्यात मुलगी, आत्या भरवतीय, भात सांडतोय. मॅडमना त्यात एक गोष्ट दिसली. पाय लोंबकळत असले की मान पडते, आणि आत्याच्या मांडीला पाय टेकले की मान बऱ्यापैकी राहते. त्यांनी खुर्चीला पायांखाली फळी ठोकायला सांगितली. कसं बसवायचं ते दवाखान्यातल्या खुर्चीवर स्वतः बसून, फोनसमोर करून दाखवलं. गुरुजींनी ते बघून एका सुताराला गाठलं आणि खुर्ची तयार झाली.

मुलगी शाळेत बसायला लागली. मान राहू लागली. पण दिवाळी तोंडावर आली तरी गुरुजींचा प्रश्न तसाच होता. शेवटी त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि वर्गात स्वतः चित्रण केलं. मला दाखवत म्हणाले, "बघा, तुमच्यासमोरच आहे. हे चित्र मांजराचं का, विचारलं, की ती वर पत्र्याकडे बघते. पाणी पाहिजे का, तरी पत्र्याकडे. लक्षच नाही हो. मी तरी काय करू?" त्यांचा आवाज पडला होता. 

आईला हे दाखवणं भाग होतं. जड पायांनी वाडी चढले. ती चूल सारवत होती. शेणामातीनं भरलेला हात तसाच अधांतरी धरून ती फोनकडे बघत राहिली, आणि एकदम किंचाळली, "आगं बया! व्हय म्हनतीय की ती!"

"काय?"

"वर बघती म्हंजी व्हय. डोळं गच्च मिटलं की न्हाई. घरात आमी तसंच इचारतो."

"मग हे मला आधी सांगितलं का नाहीस गं?"

"तुमी कुटं इचारलं? मला वाटलं, समद्यास्नी दिसतंयच की."

कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं! जेवणाचं चित्रण परत लावलं. आत्या विचारतीय, "आजून भात?" आणि पोरीचे डोळे वर. स्वच्छ दिसत होतं. आम्ही सगळे पायच बघत बसलो होतो.

आईनं त्याच बसल्या जागी फोन धरला, मुलीला पाच-सहा गोष्टी विचारल्या आणि गुरुजींसाठी बोलली, "गुरुजी, ह्ये बगा, व्हय. आन ह्ये न्हाई." दुसऱ्या दिवशी मी ते शाळेत नेलं. गुरुजींनी पाहिलं, पुन्हा लावलं. चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "म्हणजे इतके दिवस ती मला उत्तर देत होती."

सुट्टीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम शाळेत जाऊन बसले. गुरुजी प्रश्न विचारत होते, थांबत होते, तिच्या डोळ्यांकडे बघत होते. पहिलीतली पोरंही थांबायला शिकली होती. तेवढ्यात आई दारात आली. भातकापणी चालू होती, आत्या आजारी, शाळा सुटल्यावर घरी आणायला कुणी नाही, म्हणून लेकीला मधूनच न्यायला आली होती. वाकून म्हणाली, "घरी जायाचं ना?"

मुलीनं डोळे गच्च मिटले.

आईला वाटलं, डोळ्यांवर ऊन आलं असेल. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा गच्च. मग आई चिडलीच. "आगं, मला कापनीला जायाचंय! हितंच ऱ्हातीस का काय?"

मान थरथरली, सावरली आणि डोळे सरळ वर पत्र्याला भिडले. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "व्हय!"

गुरुजी हसले. म्हणाले, "माझा आता प्रश्नच उरला नाही. सुट्टी संपली की वेळेवर आणा तिला."

आईनं विळा दाराबाहेर ठेवला. पदरानं डोळे पुसले आणि उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "ऱ्हा मंग. मी थांबती."